‘काही नाही’ याचा अर्थ

हेस्टर मॅक्लिश ऑकलंडहून आली जूनमधल्या एका सोमवारी.
दक्षिणेच्या वाऱ्याने तिची छत्री उलटी करून हातात दिली,
वेलिंग्टनची ओळख करून द्यायची ही जुनी रीत.
लिफ्टपाशी रांग होती. तिने विचारलं, "जिना कुठे?"
तेव्हाच मला वाटलं, ही बाई टिकेल.

बँकेतून आलेले तिघे मी याआधी पाहिलेत.
एकाने महिनाभर खुर्चीच बदलून मागितली.
एकाला शेवटपर्यंत कळेना,
वर्षअखेरीला इथे नुसता केक का कापतात.
तिसरा हुशार होता, म्हणजे लवकर गेला.
हिने निम्म्याहून कमी पगारावर सही केली
आणि डबा आणू लागली: बीट, उकडलेलं अंडं,
मिठाची पुडी वेगळी.

मी तिच्यापुढे तक्ता ठेवला,
सेवांच्या व्यापारातली आमची बांधिलकी, एकशे अकरा पानं.
म्हटलं, इथली भाषा जरा उफराटी आहे.
रकान्यात ‘काही नाही’ दिसलं
तर समजायचं, अडसर काही नाही, दार सताड उघडं.
आणि ‘अबद्ध’ दिसलं तर हुरळायचं नाही.
त्याचा अर्थ, आम्ही कुणाला शब्द दिलेला नाही,
आज दार लोटू, उद्या कुलूप घालू.
ती पान उलटत म्हणाली,
"चौदा वर्षं मी याच अटींवर संसार केला."

तिचा बाप ब्लफच्या धक्क्यावर टॅली क्लार्क होता.
गोठवलेल्या मेंढ्या मोजायचा:
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
बोटं बधिर, कानामागे पेन्सिल.
आता वृद्धाश्रमातून फोनवर विचारतो,
"हल्ली काय चढवतेस बोटीवर?"
बोट नाही, डॅड. विमा. नकाशे. हिशेब तपासणं.
एखाद्याला जे येतं, ते.
"मग मोजता कशावर?"
हे मला सांगताना ती थांबली
आणि दोन मजले चढेपर्यंत बोलली नाही.

बोलणी रात्रीची. पडद्यावर पलीकडचे नऊ जण,
त्यांच्याकडे दुपार, जेवून आलेले.
विम्याच्या कलमावर तिला अडवणं कुणाला जमेना;
कुठली पळवाट कुठे निघते हे तिला पाठ,
त्यातल्या दोन तिनेच कधीकाळी खणलेल्या.
जुन्या बँकेचा फोन टेबलावर थरथरत राहिला.
तिने तो पालथा घातला, त्यावर मिठाची पुडी ठेवली.

मग परिचारिका. पान चौऱ्याऐंशी, प्रकार चौथा:
नैसर्गिक व्यक्तींची तात्पुरती ये-जा.
"नैसर्गिक व्यक्ती म्हणजे?"
माणसं, मी म्हणालो.
आमच्या बाजूला लिहिलेलं होतं: अबद्ध.
तिने चष्मा काढला.
तिच्या बापाला रोज न्हाऊ घालणारी वायोला
टोंगात नऊ वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत उभी होती;
इथे तिच्या शिक्क्याला शिक्का लागेना,
म्हणून ती चादरी बदलते
आणि डॉक्टर चुकला की गप्प बसते.

हेस्टरने टिपण लिहिलं, साडेचार पानी.
मंत्र्यांच्या कार्यालयातून ते परत आलं,
कोपऱ्यात हिरव्या शाईत: आत्ता नको.
तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा आलं.
तिसऱ्यांदा एक तळटीप हाती लागली:
‘दोन वर्षांनी या नोंदीचा फेरविचार करण्यात येईल.’
‘येईल’च्या जागी ‘येऊ शकेल’ करा, असा निरोप होता.
त्या एका क्रियापदासाठी ती पाच जिने चढली,
कोट न घालता, आणि ‘येईल’ घेऊनच उतरली.

मी या खात्यात एकवीस वर्षं आहे.
तळटिपा मी पुष्कळ पाहिल्या,
वाळवीसुद्धा त्या शेवटी खाते.

शुक्रवारी ती खिडकीपाशी फोनवर होती.
वाऱ्यात मला निम्मंच ऐकू आलं:
"एक, डॅड. या आठवड्यात एकच.
हो, उभी रेघ."